एकाच नावाखाली पाच डास

विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात युरोपातील हिवतापतज्ज्ञ एका कोड्याने हैराण झाले होते. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हानी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला हा रोग देणारा डास अ‍ॅनॉफिलिस कुळातला असतो, हे दाखवून दिले. म्हणजे हिशेब सरळ होता. जिथे अ‍ॅनॉफिलिस, तिथे हिवताप. डासांचा नकाशा काढा, त्यावर रोग्यांचा नकाशा ठेवा, दोन्ही जुळायला हवेत.

ते जुळेनात. युरोपभर आढळणारा मुख्य डास होता अ‍ॅनॉफिलिस मॅक्युलिपेनिस, म्हणजे ठिपकेदार पंखांचा. इटलीतल्या काही खोऱ्यांत तो गोठ्यागोठ्यातून थव्याने सापडे, पण गावात थंडीतापाचा रोगी औषधालाही मिळत नसे. हॉलंडमध्ये किनाऱ्यालगतची गावे तापाने फणफणलेली, आणि थोडे आत गेले की तोच डास, तसेच कालवे, तशीच माणसे, पण हिवताप नाही. ‘हिवतापाविना अ‍ॅनॉफिलिस’ असे या कोड्याला नावच पडले. कोणी म्हणाले, तिथले लोक सुखवस्तू आहेत, घरे चांगली आहेत. कोणी म्हणाले, गुरे जास्त असल्यामुळे डास माणसाकडे वळत नाहीत. कोणी क्विनाइनला श्रेय दिले. यातल्या प्रत्येक तर्कात थोडे तथ्य होते, पण प्रत्येकाला खोटे पाडणारे एखादे गावही कुठेतरी सापडत होते.

कोड्याची किल्ली सापडली ती एका निवृत्त माणसाच्या छंदातून. दोमेनिको फाल्लेरोनी हे इटलीच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. डासांच्या माद्या पकडायच्या, त्यांना वेगवेगळे ठेवून अंडी घालू द्यायची आणि ती अंडी न्याहाळायची, हा त्यांचा उद्योग. अ‍ॅनॉफिलिसची मादी पाण्यावर एकेक सुटे अंडे सोडते. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, होडीच्या आकाराचे असते आणि दोन्ही बाजूंना हवा भरलेले तरंगे असतात. फाल्लेरोनींच्या लक्षात आले की या होड्यांवरची नक्षी सारखी नाही. काही करड्या, काहींवर आडवे पट्टे, काही गडद. आणि गंमत अशी की एक मादी आयुष्यभर एकाच नक्षीची अंडी घालते. तिच्या मुलीही तीच नक्षी पुढे चालवतात. १९२६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि दोन प्रकारांना आपल्या खात्यातल्या दोन सहकाऱ्यांची, लाब्रांका आणि मेस्सेआ यांची, नावे देऊन टाकली. पुढे काही वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

रॉकफेलर फाउंडेशनचे लुई हॅकेट आणि इटलीचे अल्बेर्तो मिस्सिरोली यांनी १९३०च्या सुमारास ही अंडी गांभीर्याने घेतली. गावोगावच्या डासांची अंडी तपासून नवा नकाशा काढला, तेव्हा जुने कोडे धुक्यासारखे विरले. जिथे लाब्रांकिए, तिथे हिवताप. जिथे फक्त मेस्सिए, तिथे डासांचे थवे असूनही हिवताप नाही. डासांच्या पोटातले रक्त कोणाचे आहे, हे सांगणारी चाचणी तोपर्यंत उपलब्ध झाली होती. तिने कारणही सांगितले. मेस्सिए गुरांचे रक्त पिऊन समाधानी होता, लाब्रांकिए माणसाच्या मागे लागत होता. हॉलंडच्या किनाऱ्यावरचा गुन्हेगार तिसराच निघाला, अ‍ॅट्रोपार्व्हस. तो मचूळ पाण्यात वाढतो आणि हिवाळ्यात पुरता झोपी न जाता ऊबदार घरांत शिरून अधूनमधून चावत राहतो. गोड्या पाण्यातला मेस्सिए मात्र थंडीत उपाशी निजतो.

प्रौढ डास मात्र भिंगाखाली धरले तरी एकमेकांपासून ओळखू येत नव्हते. पंखांवरचे ठिपके तेच, पाय तेच, सोंड तीच. मग हे एकाच डासाचे वाण म्हणायचे, की वेगवेगळ्या प्रजाती?

इथे प्राणिशास्त्राच्या पायाशी असलेला प्रश्न येतो. लिनियसपासून शे-दीडशे वर्षे प्रजाती ठरत होती ती दिसण्यावरून. संग्रहालयात टाचणीला टोचलेला एक नमुना, त्याच्याशी जुळणारे ते सगळे एका नावाखाली. निसर्ग मात्र टाचणीवरच्या नमुन्यावर चालत नाही. १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर यांनी प्रजातीची जी व्याख्या रूढ केली ती दिसण्याची नव्हती, नात्याची होती. निसर्गात आपसात प्रजनन करणारे आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहणारे जीव म्हणजे एक प्रजाती. जे दिसायला जुळे आणि तरीही आपसात सोयरीक करत नाहीत, त्यांना त्यांनी ‘भावंड प्रजाती’ म्हटले. त्यांच्या आवडत्या उदाहरणांपैकी एक हेच युरोपीय डास होते. कारण प्रयोगशाळेत अ‍ॅट्रोपार्व्हस आणि मेस्सिए यांचा संकर केला असता संतती वांझ निघत होती. मुळात त्यांचे जुळणेही कठीण होते. अ‍ॅट्रोपार्व्हसचा नर हातभर पिंजऱ्यातही मीलन करतो. मेस्सिएला संध्याकाळच्या मोकळ्या आकाशात नरांचा थवा जमवल्याशिवाय जमत नाही. एकाच छपराखाली राहणाऱ्या या दोघांमध्ये केव्हाच भिंत उभी राहिली होती आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नव्हती, एवढेच.

ही भिंत उभी कशी राहते? एखाद्या गावातल्या लोहाराने कुलूप थोडे बदलले, तर तो किल्लीही त्याबरोबर बदलतो. शेजारच्या गावातला लोहार आपल्या मनाने निराळा बदल करतो, तोही कुलूप-किल्ली जुळवून. दोन्ही गावांची दारे व्यवस्थित उघडतात. पण पहिल्या गावचे कुलूप आणि दुसऱ्या गावची किल्ली एकत्र आली की दार अडते. जनुकांचे असेच होते. पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहिलेल्या दोन समूहांत निरनिराळे बदल साठतात. प्रत्येक बदल आपल्या घरात निरुपद्रवी असतो, कारण तो तिथल्या बाकीच्या जनुकांशी जुळवून घेऊनच टिकलेला असतो. संकर झाला की आजवर एकमेकांना कधी न भेटलेली जनुके एका शरीरात येतात आणि कुठेतरी दार अडते. बहुधा ते प्रजननसंस्थेत अडते.

आणि ते आधी नरात अडते. संकरात एकच लिंग वांझ किंवा नाहीसे होत असेल, तर ते ज्याची लिंग-गुणसूत्रे वेगवेगळी असतात तेच लिंग असते, हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. १९५७ मध्ये भारतात येऊन इथलेच झालेले, १९६४ मध्ये भुवनेश्वरात देह ठेवलेले हेच ते हाल्डेन. डासांत आणि माणसांत नराकडे एक्स आणि वाय अशी विजोड जोडी असते, तर पक्ष्यांत आणि फुलपाखरांत विजोड जोडी मादीकडे असते. नियम दोन्हीकडे लागू पडतो.

आफ्रिकेत या नियमाचा पडताळा फार मोठ्या प्रमाणावर आला. तिथला हिवतापाचा मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलिस गॅम्बिए. १९६०च्या आगेमागे लंडनमध्ये जॉर्ज डेव्हिडसन आणि इतरांनी आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या ‘गॅम्बिए’ डासांचे संकर केले. काही जोड्यांत सगळे सुरळीत होते. काही जोड्यांत मुली जननक्षम, पण मुलगे हटकून वांझ. एक नाव फुटून अनेक नावे झाली. माणसावर आणि घरावर जीव असलेला खरा गॅम्बिए, गुरांवरही भागवणारा आणि बाहेर विसावणारा अरेबिएन्सिस, खाऱ्या पाण्यातले मेरस आणि मेलास, जवळजवळ केवळ जनावरांवर जगणारा आणि हिवतापाच्या दृष्टीने निरुपद्रवी क्वाड्रिअ‍ॅन्युलेटस, आणि युगांडातल्या उष्ण झऱ्यांपाशीच सापडणारा ब्वाम्बे. फरक केवळ पुस्तकी नव्हता. घरात भिंतींवर औषध फवारायचे ते, रक्त पिऊन भिंतीवर विसावणाऱ्या डासासाठी. बाहेर विसावणाऱ्या अरेबिएन्सिसला त्या भिंतीशी काही देणेघेणे नव्हते.

भारतातही हेच घडत होते, फक्त ते उशिरा कळले. ग्रामीण सपाटीवरचा आपला मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस. भातखाचरे, कालव्यांची गळती, नदीपात्रातली डबकी, विहिरी ही त्याची ठिकाणे. देशातल्या हिवतापाचा मोठा वाटा त्याच्या नावावर लागतो. हा डास बहुतांशी गुरांवर जगतो आणि तरीही साथी आणतो. काही जिल्ह्यांत तो भरपूर असून ताप तुरळक, काही जिल्ह्यांत तेवढ्याच डासांत तापाचा कहर. युरोपातले जुने कोडे नव्या जागी, पण या वेळी अंडी बोलत नव्हती. त्यांच्यावरून काही फरक कळत नव्हता.

इथे साक्ष दिली ती गुणसूत्रांनी. अंडी अर्धवट वाढलेल्या मादीच्या अंडाशयात काही पोषक पेशी असतात. त्यांतली गुणसूत्रे वारंवार दुप्पट होऊन, पण विभक्त न होता, जाड दोरखंडासारखी होतात. रंग दिला की त्यांच्यावर आडवे पट्टे उमटतात. हे पट्टे म्हणजे जणू त्या डासाची सातबाऱ्यावरची नोंद. त्यात कधी असे दिसते, की गुणसूत्राचा एखादा तुकडा सुटून उलटा बसला आहे. पट्ट्यांचा क्रम क-ख-ग-घ ऐवजी क-ग-ख-घ झाला आहे. अशा उलट्या तुकड्याला महत्त्व दोन कारणांनी. एक म्हणजे तो ओळखीची खूण ठरतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. आईकडून आलेला तुकडा सुलटा आणि बापाकडून आलेला उलटा असेल, तर त्या भागात जनुकांची अदलाबदल जवळपास थांबते. तुकड्यातली जनुके गट करून राहतात, गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. कोरड्या हवेत तग धरणे, विशिष्ट पाण्यात वाढणे अशा परस्परपूरक गुणांची जनुके एका गठ्ठ्यात अडकली, तर तो गठ्ठा फुटत नाही. नव्या प्रजातीचा तो पाया ठरू शकतो. इटलीचे मारिओ कोलुझी यांनी आफ्रिकेतल्या डासांत हेच दाखवले. काही उलटे तुकडे दमट जंगलाकडून कोरड्या माळाकडे जावे तसतसे वाढत जातात.

क्युलिसिफेसीसमध्ये १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांना दोन वेगळे क्रम आढळले. दोन्ही क्रमांचे डास एकाच परिसरात राहत होते. आपसात मीलन होत असते, तर एक क्रम आईचा आणि एक बापाचा असे मिश्र डास भरपूर मिळायला हवे होते. तसे मिळत नव्हते. म्हणजे एका गोठ्यात बसूनही दोघे परके होते. त्यांना ए आणि बी अशी नावे दिली गेली. मग दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरचे डास तपासायला घेतले. १९८३ मध्ये सी आला, नंतर डी. ए, सी आणि डी हे हिवतापाचे वाहक ठरले. बी बव्हंशी गुरांवर जगणारा, प्रयोगशाळेतही परजीवीला फारसा थारा न देणारा. उत्तर प्रदेशात जिथे ए अधिक तिथे ताप अधिक, जिथे बीचे राज्य तिथे डास असून ताप कमी, असे चित्र पुढे आले.

मग रामेश्वरम बेटाने घोळ घातला. तिथे सापडत होता तो बी. गुणसूत्रांवरचे पट्टे तेच सांगत होते. पण बेटावर हिवताप होता आणि तो याच डासातून येत होता. निरुपद्रवी ठरवलेला बी इथेच कसा बिघडला? उत्तर मिळाले १९९९ मध्ये, आणि ते पट्ट्यांत नव्हते. नरांच्या वाय गुणसूत्राचा आकार पाहिला, तेव्हा तिथे दोन वेगळे समूह निघाले. एक खराच बी, दुसरा नवा, ई. पट्ट्यांच्या नोंदीत दोघे हुबेहूब सारखे होते. सामुद्रधुनीपलीकडे श्रीलंकेतही बी हाच वाहक समजला जात होता. तिथला खरा वाहकही ई निघाला. भारतातला क्युलिसिफेसीस असा एकाचा पाच झाला. डोंगराळ जंगलातल्या अ‍ॅनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिसचेही तसेच. ओडिशाच्या जंगलपट्ट्यात माणसामागे लागणारा एस वेगळा, आणि गुरांवर समाधानी टी आणि यू वेगळे.

एवढी अक्षरे लक्षात ठेवून आरोग्य कर्मचाऱ्याने करायचे काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर फवारणीच्या हिशेबात आहे. समजा, एका गावात कीटकनाशकाची चाचणी घेतली. शंभर क्युलिसिफेसीस पकडून औषधाच्या कागदावर ठेवले, त्यातले चाळीस मेले. अहवालात येणार, डास औषधाला दाद देत नाहीत, औषध बदला. पण त्या शंभरांत साठ बी असतील आणि जगलेले सगळे तेच असतील, तर ज्या एमुळे ताप येतो तो अजून जुन्या, स्वस्त औषधाला मरतो आहे. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण ए हा बीच्या तुलनेत डीडीटीला अधिक बळी पडतो, हे उत्तर भारतात प्रत्यक्ष आढळले आहे. उलटही घडू शकते. निरुपद्रवी भाऊ भराभर मरतात, मोहीम यशस्वी झाल्याचे कागद रंगतात, आणि ताप मात्र तिथेच राहतो. प्रजाती म्हणजे काय, हा प्रश्न अशा वेळी वर्गातला राहत नाही. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. आता डासाच्या एका पायातल्या डीएनएवरून पीसीआरने प्रजाती ओळखता येते. अर्धगर्भार मादीच शोधत बसायला नको. तरीही रोजच्या सर्वेक्षणात या भावंडांची वेगळी मोजणी होते असे नाही, आणि ही उणीव लहान नाही.

भिंत उभी राहिली की ती कायमची, असेही नाही. पश्चिम आफ्रिकेतला खरा गॅम्बिएसुद्धा एक नव्हता. त्यातला एक गट पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढणारा, दुसरा भातशेतीसारख्या टिकणाऱ्या पाण्यात. संध्याकाळी नरांचे थवेही बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या जागी जमतात. त्यांचे संकर वांझ नसतात. भिंत आहे ती जागेची आणि जोडीदार निवडण्याची. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाला स्वतंत्र प्रजातीचा मान मिळाला आणि मारिओ कोलुझींच्या सन्मानार्थ अ‍ॅनॉफिलिस कोलुझी हे नाव. नवी प्रजाती घडताना पाहायची असेल, तर हे तिचे ताजे रूप. पण याच सुमारास माली आणि घानातल्या अभ्यासांत वेगळेच दिसले. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांना न जुमानणारे जनुक गॅम्बिएकडून कोलुझीकडे संकरातून सरकले होते आणि मच्छरदाण्या घरोघर पोहोचल्या तसे ते तिथे झपाट्याने पसरले. एरवी दुर्मीळ असलेला संकर विषाच्या दबावाखाली फायद्याचा ठरला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचांच्या अभ्यासात तर गॅम्बिए आणि अरेबिएन्सिस यांच्यातही मोठी देवघेव झाल्याचे आढळले, ज्यांचे संकर मुलगे वांझ असतात. मुली जननक्षम असतात ना, त्यांच्यातून जनुके सटकली. एक्स गुणसूत्र मात्र बव्हंशी आपल्या वंशाला प्रामाणिक राहिले.

जनुके पसरवून डासांची संख्याच घटवण्याचे जे प्रयोग सध्या चालू आहेत, त्यांना ही देवघेव दोन्ही बाजूंनी लागू होते. लंडनमध्ये २०१८ साली पिंजऱ्यातल्या गॅम्बिए डासांत असे जनुक सोडून काही पिढ्यांत त्यांची संख्या शून्यावर आणली गेली. उघड्यावर ते भावंडांत किती जाईल आणि कुठे थांबेल, हे भिंतीच्या भेगांवर ठरेल.

महाराष्ट्राच्या वाट्याला या कुळातला आणखी एक डास आला आहे. अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी. १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन यांनी वऱ्हाडातल्या एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, अभ्यास करून त्याला हे नाव दिले. बहुतेक अ‍ॅनॉफिलिस डास खेड्याचे. हा शहरात रुळला. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटले यांनी हिवतापाचे मूळ घराघरांतल्या विहिरींत असल्याचा अहवाल दिला. विहिरी बुजवायची किंवा झाकायची मोहीम निघाली, तेव्हा धर्मभावनेचे आक्षेपही आले. विहिरी गेल्या, गच्चीवरच्या टाक्या आल्या, डासाने घर बदलले.

त्याच्या अंड्याच्या तरंग्यावरच्या कंगोऱ्यांची संख्या मोजली, तर तीन प्रकार पडतात. जास्त कंगोऱ्यांचा शहरी आणि पक्का वाहक, कमी कंगोऱ्यांचा मुख्यतः ग्रामीण आणि गुरांकडे झुकलेला, आणि एक मधला. या तिघांच्या संकरांत अजून वांझपण दिसलेले नाही. म्हणून नाव एकच ठेवले आहे. एकाच प्रजातीचे हे तीन चेहरे, की फुटण्याच्या वाटेवर असलेले घर, यावर संशोधकांत एकमत नाही.

२०१२ मध्ये हा डास आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबुती शहरात सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे जेमतेम २७ रोगी होते. २०२० मध्ये आकडा ७३ हजारांवर गेला. २०१६ मध्ये तो इथिओपियात दिसला, आणि २०२२ मध्ये तिथल्या दिरे दावा शहरात भर कोरड्या ऋतूत हिवतापाची साथ आली, जेव्हा आफ्रिकेतले नेहमीचे डास थंडावलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी या एका डासाला रोखण्यासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. शेतातली डबकी तपासायची सवय असलेली तिथली पथके आता बांधकामावरच्या हौदात आणि पाण्याच्या टाक्यांत बॅटरी मारून अळ्या शोधतात, आणि पकडलेल्या माद्यांचा डीएनए तपासून त्या नेमक्या कुठून आल्या असाव्यात, याचा माग काढतात.